बफर गप्प का बसला?

रविवारची अख्खी दुपार खर्ची पडलेली असते. बोटाला एक चटका बसलेला असतो आणि घरच्यांनी ‘काय जळतंय?’ असं तीनदा विचारून झालेलं असतं. शेवटचं सोल्डर थंड होतं, नऊ व्होल्टची बॅटरी लागते, गिटारची केबल आत जाते, तुम्ही झोकात एक ई मेजर वाजवता... आणि काहीच होत नाही. साधी खरखरसुद्धा नाही.

घरी पहिल्यांदाच गिटारचा बफर बनवणाऱ्या बऱ्याच मंडळींची गोष्ट इथेच संपते. कुणी ‘आयसी गेला’ म्हणून नवा आयसी आणायला धावतं, कुणी दुकानदाराच्या नावाने बोटं मोडतं. बाकीचे तो बोर्ड गुपचूप त्या ड्रॉवरमध्ये टाकतात, जिथे जुन्या मोबाइलचे चार्जर आणि जिमचं संपलेलं कार्ड पडलेलं असतं. छंद पण त्याच ड्रॉवरमध्ये जातो. खरं तर बिघाड बहुतेक वेळा पाच मिनिटांचा असतो. फक्त अंदाज बांधायचे सोडून प्रश्न ओळीने विचारावे लागतात. त्यातला एक प्रश्न मात्र फार चावट आहे. तो चुकीच्या पद्धतीने विचारला, की धडधाकट सर्किटसुद्धा आजारी असल्याचं सांगतं. त्याची गंमत पुढे.

मुळात हा पठ्ठ्या करतो काय?

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. तार थरथरली की त्या वेढ्यांत इवलासा व्होल्टेज तयार होतो. पण त्याच्या अंगात जोर नसतो. साध्या सिंगल कॉइल पिकअपचा रोध सहा-सात किलोओहम आणि इंडक्टन्स दोन-तीन हेन्री असतो. त्यात आपली केबल. तिच्या प्रत्येक मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर फुकटात गळ्यात पडतो.

गिटारच्या आवाजाला जी चमक असते, ती पिकअप आणि केबल मिळून एका ठरावीक फ्रीक्वेन्सीपाशी जो उंचवटा तयार करतात त्यामुळे येते. अडीच हेन्रीचा पिकअप धरला तर तीन मीटर केबलवर हा उंचवटा पाच किलोहर्ट्झच्या आसपास येतो. दहा मीटरची केबल लावा, तो तीन किलोहर्ट्झवर घसरतो. त्याच्या वरचं सगळं झपाट्याने गळतं. गिटार तीच, बोटं तीच, पण आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा.

याहून वाईट म्हणजे गिटार थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला खुपसणं. समजा ते इनपुट १० किलोओहमचं आहे. सात किलोओहमच्या पिकअपचा चाळीस टक्के आवाज तिथेच गडप होतो आणि एक किलोहर्ट्झपासून वरची धार बोथट व्हायला लागते.

इथे बफर मध्ये उभा राहतो. त्याचं इनपुट एक मेगाओहमचं, म्हणजे पिकअपवर जवळपास काहीच भार नाही. आउटपुट मात्र शंभरेक ओहमचं, म्हणजे पुढे लांब केबल असो की हावरट मिक्सर, त्याला फरक पडत नाही. आवाज तो वाढवत नाही. हळू आवाजात सांगितलेलं शब्दन्‌शब्द ऐकायचं आणि काहीही न घालता, न गाळता ठामपणे पुढे पोचवायचं, एवढंच त्याचं काम. असा माणूस तुमच्या ऑफिसात आहे का बघा. सापडला तर जपून ठेवा!

नेहमीचा नकाशा

सर्वांत सोपा बफर टीएल०७२ या आयसीवर होतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ही टीएल०७ मालिका १९७८ सालची, आणि आजही ती पेडलांत आणि मिक्सरांत ठाण मांडून आहे. आठ पायांच्या या किड्यात दोन अँप असतात, आपल्याला एकच लागतो.

पिन ८ ला बॅटरीचं प्लस, पिन ४ ला ग्राउंड. दहा-दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये ओळीने जोडले, की त्यांच्या मधल्या बिंदूवर अर्धा व्होल्टेज मिळतो, म्हणजे साडेचार. त्याला स्थिर ठेवायला एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. या मधल्या बिंदूपासून एक मेगाओहमचा रेझिस्टर पिन ३ ला. गिटारचा सिग्नल ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून त्याच पिन ३ ला येतो. पिन १ आणि २ एकमेकांना जोडलेल्या. पिन १ मधून बाहेर पडलेला सिग्नल शंभर ओहम आणि एका कपॅसिटरमधून आउटपुट जॅकला. उरलेला अँप मोकळा भटकू द्यायचा नाही. त्याची पिन ५ मधल्या बिंदूला बांधायची आणि ६-७ एकमेकांना. संपलं!

आधी गुन्हेगार पक्का करा

बफर बाजूला काढा आणि त्याच केबलने, त्याच अँपला गिटार थेट लावा. मग दुसरी केबल लावून बघा. हसू नका, मुक्या बफरच्या पुष्कळ केसेस इथेच निकालात निघतात. केबल तुटलेली असते आणि शिव्या आयसीला पडतात.

केबल निर्दोष सुटली, की वीज. बॅटरीवर चालणाऱ्या डब्यात इनपुटला बहुधा स्टिरिओ जॅक असतो आणि बॅटरीचं मायनस त्याच्या रिंगच्या पायाला जोडलेलं असतं. गिटारची केबल आत गेली की तिचं मोनो प्लग रिंग आणि ग्राउंड एकत्र आणतं आणि सर्किट चालू होतं. वेगळा स्विच लागत नाही. पण याचाच उलटा अर्थ असा, की केबल न लावता मोजायला बसलात तर सगळीकडे शून्यच दिसणार. तेव्हा इनपुटला केबल लावून मगच मीटर हातात घ्या.

मीटरची काळी तार पिन ४ ला, लाल पिन ८ ला. बॅटरीइतका व्होल्टेज दिसला पाहिजे. नाही दिसला, तर पुढे काहीही तपासू नका, बॅटरीच्या क्लिपपासून एकेक जोड बघत या. आयसीला बोट लावून बघा. टीएल०७२ चा एक अँप जेमतेम दीड मिलिअँपियर खातो, त्यामुळे तो कोमटसुद्धा व्हायला नको. चटका बसला तर बॅटरी लगेच काढा आणि आयसीवरची खाच कुठल्या बाजूला आहे ते बघा. तो उलटा बसलेला असण्याची शक्यता दाट.

अ‍ॅडॉप्टर वापरत असाल तर आणखी एक काळजी. गिटारच्या पेडलांत बहुधा मधली पिन मायनस असते, बाजारातल्या साध्या अ‍ॅडॉप्टरांत मधली प्लस. उलटं लागलं तर आयसी क्षणात स्वर्गवासी. म्हणून निदान दुरुस्ती होईपर्यंत बॅटरीच बरी.

आता अर्धी बॅटरी

मधला बिंदू मोजा. साडेचारच्या आसपास हवं. नऊ किंवा शून्य दिसलं तर दोनपैकी एक रेझिस्टर नीट जोडलेला नाही, किंवा भलत्याच किमतीचा आहे. रंगांचा झोल इथे हमखास होतो. तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे दहा किलोओहम आणि तपकिरी-काळा-हिरवा म्हणजे एक मेगाओहम. रात्री ट्यूबलाइटखाली बसलं की नारिंगी, लाल, तपकिरी सगळे एकाच गोत्रातले वाटतात. त्यामुळे बोर्डावर बसवण्याआधी प्रत्येक रेझिस्टर मीटरने मोजायची सवय लावा. आणि दहाच्या जागी मेगाओहम गेला तर निदान व्होल्टेजवरून कळतं. मेगाओहमच्या जागी दहा किलोओहम गेला तर व्होल्टेज सगळे ठीक, पण बफर असून नसल्यासारखा. पिकअपवर पुन्हा तोच भार.

मग पिन १. इथेही साडेचार हवेत. आठच्या किंवा एकच्या आसपास अडकला असेल, तर पिन १-२ ची जोड सुटली आहे किंवा पिन ३ पर्यंत अर्धा व्होल्टेज पोचतच नाही. आणि इथेच तो चावट प्रश्न येतो.

पोशेऱ्याहून फोन

माझा एक मित्र मोखाडा तालुक्यात पोशेऱ्याला राहून काम करतो. तिथल्या मुलांची त्याने आठ गाणी बसवली होती, शनिवारी कार्यक्रम. गिटारचा अँप नाही, जे काही होतं ते लाउडस्पीकरच्या सेटचा मिक्सर. त्यात गिटार थेट लावली की मुलांच्या खड्या आवाजापुढे ती पार विरघळून जायची. म्हणून त्याने बफर बनवला. गुरुवारी रात्री फोन आला.

‘‘अरे, आयसी गेलाय. पिन ३ वर साडेचार पाहिजेत ना? सव्वादोन दाखवतोय. उपसू का?’’

‘‘थांब, हात लावू नकोस. दुसरा आयसी आहे का तुझ्याकडे?’’

‘‘नाही ना! नाशिकला किंवा मुंबईला जायचं म्हणजे दिवस मोडतो. पण दुसऱ्या एका पेडलमधला काढतो.’’

‘‘त्याआधी पिन १ मोज.’’

‘‘...साडेचार. हे काय झेंगट आहे?’’

झेंगट असं, की त्याच्याकडे फूटपाथवर मिळतो तो पिवळा स्वस्त मीटर होता. अशा बऱ्याच मीटरांचं स्वतःचं इनपुट एक मेगाओहमचं असतं. पिन ३ ला व्होल्टेज येतो तोही एक मेगाओहमच्या रेझिस्टरमधूनच. मीटर टेकवला की हे दोन मेगाओहम साडेचार व्होल्ट निम्मे-निम्मे वाटून घेतात. मीटर सव्वादोन दाखवतो. तो खोटं बोलत नाही. त्या क्षणी तिथे खरोखरच सव्वादोन असतात. मीटर उचलला की पुन्हा साडेचार! चांगल्या मीटरचं इनपुट १० मेगाओहमचं असतं, तो ४.१ च्या आसपास दाखवेल. तोही थोडा कमीच.

आता जरा विचार करा. मिक्सरने पिकअपवर भार टाकला म्हणून आवाज मेला, म्हणूनच तर बफर बनवायला घेतला. आणि बफर तपासताना मीटरने तेच केलं. ऐकणाऱ्यानेच बोलणाऱ्याचा गळा दाबला. अशा वेळी उपाय सोपा आहे. पिन १ मोजायची. तिच्यामागे अँपची ताकद असते, त्यामुळे मीटरच्या भाराने ती हलत नाही. पिन १ वर साडेचार, म्हणजे पिन ३ वरही साडेचारच असणार, कारण बफरचं कामच ते.

तुमचा मीटर कुठल्या जातीचा, हे एका मिनिटात कळतं. नऊ व्होल्टच्या बॅटरीच्या प्लसला एक मेगाओहमचा रेझिस्टर लावा आणि त्याच्या दुसऱ्या टोकावर बॅटरी मोजा. साडेचार दाखवले तर मीटर एक मेगाओहमचा, ८.२ च्या जवळपास दाखवले तर १० मेगाओहमचा. हा आकडा मीटरच्या पाठीवर मार्करने लिहून टाका.

मित्राने तो आयसी उपसला असता तर? बोर्डावर तो थेट सोल्डर केलेला. आठ पाय सोडवताना तांब्याची एखादी पट्टी उखडलीच असती आणि चांगल्या सर्किटचा खरोखरच बळी गेला असता. (यावरून एक धडा: आयसीसाठी नेहमी सॉकेट बसवा. एका वडापावाच्या किमतीत शांत झोप लागते.)

मीटर ठेवा, कान लावा

व्होल्टेज सगळे बरोबर आणि आवाज तरी नाही. मग आवाजाच्याच मागे जायचं. यासाठी लागतं ते यंत्र घरीच होतं. अँपला जाणाऱ्या केबलच्या ग्राउंडला एक क्रोकोडाइल क्लिप लावून ती सर्किटच्या ग्राउंडला चिकटवा. केबलच्या टिपला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडा. त्याचा मोकळा पाय म्हणजे तुमचा स्टेथोस्कोप. अँपचा आवाज अगदी बारीक ठेवा, कुणाला तरी गिटार छेडत बसायला सांगा आणि इनपुट जॅकपासून एकेक बिंदूला तो पाय टेकवत जा. आवाज जिथे शेवटचा ऐकू येतो आणि जिथे पहिल्यांदा गायब होतो, त्या दोघांच्या मध्ये चोर. मात्र हा खेळ फक्त बॅटरीच्या सर्किटवर. भिंतीतल्या विजेवर चालणारी उपकरणं किंवा व्हॉल्व्ह अँप उघडून असलं काही करायचं नाही. तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि ते दुसरी संधी देत नाहीत.

पोशेऱ्यात त्या रात्री हेच केलं. इनपुटला आवाज आहे. पिन १ ला आहे. आउटपुटच्या कपॅसिटरनंतरही आहे. मग फक्त जॅकच उरला. पण मित्र म्हणाला, ‘‘जॅक बरोबर आहे रे, बीप वाजतोय.’’ त्याला सांगितलं, ‘‘जॅकमध्ये प्लग घालून बीप बघ.’’ बीप गेला! काही जॅकना एक जादा पाय असतो. प्लग आत नसताना तो टिपला चिकटलेला असतो, प्लग गेला की सुटतो. वायर नेमकी त्या पायाला सोल्डर झाली होती. म्हणजे बफर व्यवस्थित बोलत होता, आणि केबल लावली की दार आपोआप बंद होत होतं. वायर अर्ध्या सेंटिमीटरवरच्या शेजारच्या पायाला हलवली आणि शुक्रवारी सकाळी मुलांनी तालमीला सुरुवात केली.

दोन्ही वेळा मीटरचा आकडा खरा होता, फक्त परिस्थिती वेगळी होती. एकदा मीटरने ती बदलली, एकदा प्लगने. वस्तू जशी वापरली जाते तशाच अवस्थेत ती तपासायची, हे ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्यांना सांगायला नको.

तसं पाहिलं तर जव्हार-मोखाड्याच्या भागात ही विद्या नवी नाही. इथला तारपा म्हणजे वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि सांधे बुजवायला मेण. वाजवणारा माणूस त्याच्या आत काय आहे हे जाणून असतो, त्यामुळे आवाज बिघडला की कुठे हात घालायचा हेही जाणतो. सर्व्हिस सेंटरला पाठवायची सोय नसणं हासुद्धा एक क्लासच आहे.

आवाज आहे, पण...

गिटार बारीक, किरकिरी वाटते आणि जाड तारांचा दम गेलाय? इनपुटचा कपॅसिटर बघा. ‘१०४’ म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड, ‘१०२’ म्हणजे त्याच्या शंभरावा भाग. १०२ लावला तर १६० हर्ट्झच्या खालचा आवाज कापायला लागतो आणि गिटारची सर्वांत जाड तार आहे ८२ हर्ट्झवर.

जोरात वाजवल्यावर आवाज फाटतो? पिन १ अर्ध्या व्होल्टेजवर नाही, किंवा बॅटरी मरायला टेकलीय.

घूंऽऽ असा आवाज, आणि धातूच्या डब्याला हात लावला की बदलतो? डबा ग्राउंडला जोडायचा राहिलाय.

केबल लावताना ‘ठप्प’? आउटपुटच्या कपॅसिटरनंतर ग्राउंडला एक शंभर किलोओहमचा रेझिस्टर लावा.

डबा उघडा असताना वाजतो आणि झाकण लावलं की गप्प? जॅकची टिप किंवा बोर्डाची पाठ धातूला टेकतेय. खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा.

हलवलं की आवाज येतो-जातो? सोल्डर वरून चिकटलंय, आत धरलेलं नाही. चकाकी नसलेला, गोळ्यासारखा दिसणारा प्रत्येक जोड पुन्हा गरम करा. आणि व्हेरोबोर्ड वापरला असेल तर आयसीच्या खालच्या तांब्याच्या पट्ट्या कापल्या आहेत का, तेही बघा. न कापल्यास समोरासमोरच्या पिना आतल्या आत हातमिळवणी करून बसतात.

शनिवारी सामान आणा

मुंबईकरांसाठी ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पुणेकरांसाठी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचा परिसर. रविवारच्या भरवशावर राहू नका. आयसी दोन घ्या, सॉकेट दोन घ्या, रेझिस्टर डझनाने घ्या, आणि जॅक घेताना ‘स्विचवाला की साधा?’ एवढं विचारून घ्या. सगळं मिळून मॉलमधल्या एका कॉफीच्या पैशांत बसतं, मीटर सोडून.

आणि बफर एकदाचा बोलायला लागला की लगेच झाकण लावू नका. पिन १, ३, ८ आणि मधला बिंदू मोजा, ते चार आकडे आणि मीटरची जात एका चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवा. दोन वर्षांनी तो पुन्हा गप्प बसेल, आणि तेव्हा यातलं तुम्हाला काहीही आठवत नसेल. चिठ्ठीला आठवेल.